मधला

बँकेचं मोबाइल ॲप सगळ्यांच्या ओळखीचं असतं. मागची कोअर बँकिंग सिस्टिमही निदान बँकेतल्यांना माहीत असते. या दोघांच्या मध्ये जो उभा असतो, त्याचं नाव मात्र पैसे अडकल्याशिवाय कुणाच्या तोंडी येत नाही. ॲप बोलतं जेसनमध्ये. मागचा मेनफ्रेम कोबोलच्या मोजून आखलेल्या रकान्यांपलीकडे काही वाचत नाही. आणि कुठल्यातरी विमा कंपनीला सगळं एक्सएमएलमध्येच हवं असतं. एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानी त्याच्या भाषेत घालणं, एवढंच याचं काम, आणि ते चोवीस तास. कागदोपत्री तो इंटिग्रेशन सर्व्हर. हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळी करणारे जुने लोक त्याला अजून ‘ब्रोकर’च म्हणतात.

मी सांगतोय तो आयबीएमच्या घरातला. वाढला इंग्लंडमधल्या हर्स्लीच्या प्रयोगशाळेत. (साउदॅम्प्टनवर बॉम्ब पडल्यावर स्पिटफायर विमानांचे आराखडे काढणारी मंडळी याच हर्स्ली हाऊसमध्ये मुक्कामाला आली होती. ब्रोकरचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण घराणं बघायची आपली सवय.) आधी एमक्यूसिरीज इंटिग्रेटर, मग बरीच वर्षं वेबस्फिअर मेसेज ब्रोकर, 2013 मध्ये इंटिग्रेशन बस, 2018 मध्ये ॲप कनेक्ट एंटरप्राइज. मार्केटिंगवाल्यांनी दर थोड्या वर्षांनी बारसं केलं. पण इंटिग्रेशन नोड या वरच्या व्यवस्थापकाच्या हाताखाली काम करत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत तो आजही डेटाफ्लोइंजिन याच जुन्या नावानं हजेरी लावतो.

त्याचा पहिला दुर्गुण म्हणजे ‘मी बरा आहे’ हे त्याचं पालुपद. फ्लो, म्हणजे मेसेजच्या प्रवासाचे टप्पे, बांधलेली बार फाइल चढवली की डिप्लॉय यशस्वी म्हणतो. स्थिती विचारली की ‘रनिंग’ म्हणतो. यातलं काहीच खोटं नसतं. प्रोसेस जिवंत असते, फ्लो चालू असतो, फक्त एकही व्यवहार पुढे सरकत नसतो. कारण साधं आहे. मुद्दाम वाढवले नाहीत तर एका फ्लोला एकच थ्रेड मिळतो. मागच्या सिस्टिमकडे एचटीटीपीनं विचारणा केली, तर मूळ सेटिंगप्रमाणे तो 120 सेकंद उत्तराची वाट बघतो. आणि पुढून आलेल्या ग्राहकाला 180 सेकंद ताटकळत ठेवायची त्याला मुभा असते. आता मागची सिस्टिम गप्प बसली असताना दोन ग्राहक एकदम आले, असं धरा. पहिल्याच्या कामात 120 सेकंद गेले. दुसऱ्याचं काम त्यानंतर हातात घेतलं, तर त्याच्या वाट्याला उरले 60. त्याची मुदत संपते तेव्हा ब्रोकर अजून मागच्या दाराशी उभाच असतो. दुसऱ्या ग्राहकाच्या पडद्यावर टाइमआउट झळकतो आणि ब्रिज कॉलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘ब्रोकर हँग झालाय.’ खरा गप्प बसलेला बाजूलाच राहतो.

तक्रार सांगण्याची त्याची तऱ्हाही वेगळीच. बीआयपी या तीन अक्षरांनी आणि एका आकड्यानं सुरू होणारे संदेश तो एकात एक गुंफून देतो. सगळ्यात वर काय, तर इनपुट नोडवर (इथे नोड म्हणजे फ्लोमधला एक टप्पा) काहीतरी बिघडलं: बीआयपी2628. त्याच्या आत, अमुक नोडमध्ये मेसेज हाताळताना अडचण आली: बीआयपी2230. त्याच्या आत आणखी एक. आणि अगदी तळाशी, सगळी प्रस्तावना आटोपल्यावर, की अमुक रकान्यात तारखेच्या जागी रिकामी जागा आली. नवखा मुलगा पहिली ओळ कॉपी करून टिकिटात डकवतो. मुरलेला माणूस सरळ तळाला जातो. मला विचाराल तर या कामात नवा आणि जुना यांतला निम्मा फरक एवढाच आहे.

पण त्याचा खरा स्वभाव कळतो तो विषारी मेसेज आल्यावर. क्यूमधून मेसेज उचलला, वाचता आला नाही, व्यवहार मागे फिरवला, मेसेज पुन्हा क्यूत जागेवर. पुन्हा उचलला, पुन्हा अडखळला. असं किती वेळा करायचं याची मर्यादा असते. ती ओलांडली की मेसेज बॅकआउट क्यूत टाकायचा, ती नेमलेली नसेल तर डेड लेटर क्यूत. आता या दोन्ही क्यू नेमायला कुणी विसरलं असेल, तर तो त्या एका मेसेजशीच झोंबत राहतो. मेसेज टाकून द्यायचं त्याच्या मनातही येत नाही, कारण त्यात कुणाचातरी पगार असू शकतो. मागे रांग वाढत जाते. या क्यू सांभाळणाऱ्या एमक्यूच्या साध्या क्यूची मूळ मर्यादा 5000 मेसेजची. ती भरली की पुढे येणाऱ्याच्या हातात 2053 हा आकडा ठेवून त्याला परत पाठवलं जातं. वरून बघणाऱ्याला हा हट्ट मूर्खपणाचा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. मूर्खपणा केलेला असतो तो क्यू न नेमणाऱ्यानं.

मेमरीच्या बाबतीत मात्र त्याची बाजू घेणं मलाही जड जातं. एखादी मोठी एक्सएमएल फाइल आली की तो तिचं झाड मांडतो, आणि ते झाड मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा खातं. काम झाल्यावर जागा परत करावी, तर नाही. पाहुणे गेले तरी काढलेल्या गाद्या हा आवरत नाही, न जाणो, पुन्हा कुणी आलं तर. त्यामुळे मॉनिटरिंगच्या आलेखात त्याची रेघ चढते आणि चढलेलीच राहते. मेमरी गळतेय म्हणून टिकीट निघतं. रेघ रोज चढत असेल तर गळती, चढून सपाट झाली असेल तर स्वभाव. एवढं बघून टिकीट काढलं असतं, तर बरेच शनिवार वाचले असते.

आपल्या मराठी नावांनी त्याची जी परीक्षा होते, ती परदेशात बसून फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मेनफ्रेमची अक्षरं एब्सिडिकची. तिथे इंग्रजी मोठा ‘ए’ म्हणजे 193, बाकी जगात 65. ही अदलाबदल तो झोपेतही करतो. पण नेहमीच्या एब्सिडिक कोष्टकांत देवनागरीला जागाच नाही, तिथे पोचता पोचता अक्षराचं प्रश्नचिन्ह होऊ शकतं. आणि पलीकडे यूटीएफ-8 असलं तरी सुटका नाही, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासकट, तीन बाइट घेतं. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अशी दहा चिन्हं आहेत. नावासाठी 30 बाइटचा रकाना आखला असेल, तर तो नुसत्या ज्ञानेश्वरावरच काठोकाठ भरतो. आडनाव दाराबाहेर. आता शेपूट कापायचं की मेसेज नाकारायचा, हे ब्रोकर ठरवत नाही. फ्लो लिहिणाऱ्यानं सांगितलं तेच तो करतो. शिव्या मात्र त्याला बसतात.

मरतो तेव्हाही बोभाटा करत नाही. मध्यरात्री डेटाफ्लोइंजिन कोसळलं, तर वरच्या नोडचा बिपब्रोकर त्याला पुन्हा उभं करतो, आणि बिपब्रोकरवर लक्ष ठेवायला बिपसर्व्हिस असतो. सकाळी बघावं तर गडी ठणठणीत, ‘रनिंग’. रात्रीचा पुरावा म्हणजे एरर्सच्या फोल्डरमध्ये पडलेली एक ॲबेंड फाइल, जी कुणी उघडली तर उघडली. शेजारच्या क्यू मॅनेजरची एरर लॉग तर तीनच फायलींत फिरत राहते, नवं लिहायला सर्वांत जुनं पुसलं जातं. गोंधळ मोठा असेल, तर नेमकी सुरुवातच सगळ्यांत आधी पुसली जाते.

म्हणून कॉलवर वरिष्ठांनी कितीही घाई केली, तरी रिस्टार्ट मारण्याआधी पाच मिनिटं मागून घ्या. क्यूंची खोली टिपा, लॉगच्या फायली बाजूला कॉपी करा, थ्रेड कुठे अडकलेत त्याचा डंप काढा आणि एक्सेप्शनच्या तळाची ओळ वाचा. त्यानंतर खुशाल रिस्टार्ट मारा.