प्रवरेच्या उगमाशी दोन दिवस

श्रीरामपुरात वाढलेल्या माणसाला पाणी कालव्यातून येते एवढेच ठाऊक असते. माझेही तसेच होते. आमचे गाव मुळात ‘बेलापूर रोड’. दौंड-मनमाड लोहमार्गावरील आपले स्थानक आजही बेलापूर याच नावाने ओळखले जाते. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या अवर्षणाच्या मुलुखात प्रवरेचा डावा कालवा आला, ऊस आला, हरेगावचा साखर कारखाना आला, आणि त्यामागोमाग गूळ, धान्य, कापड, भुसार असा सगळा व्यापार येऊन बाजारपेठ उभी राहिली. आपल्यापैकी अनेक घरांच्या पेढ्या या कालव्याच्या पाण्यावर वाढल्या आहेत. ते पाणी ज्या डोंगरातून येते, तिकडे मात्र आपण फारसे फिरकत नाही. सुट्टी लागली की माउंट अबू, मनाली किंवा काश्मीर. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर आपल्याच जिल्ह्यात आहे, हे मुलांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून कळते.

माझा अपराध तर याहून मोठा. बँकेच्या नोकरीत १९८६ ते १९८९ अशी तीन वर्षे मी अकोले तालुक्यात होतो. कर्जवाटप आणि वसुली यांच्या निमित्ताने कितीतरी वाड्या-वस्त्यांवर गेलो. पण डोंगर पाहिला तो जीपच्या काचेतूनच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालीच घोषित झाले, हेही मला पुढे निवृत्तीनंतर वाचताना समजले. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस नातवाने ‘तंबूत राहायचे’ असा हट्ट धरला, तेव्हा मीच अकोल्याचे नाव सुचवले. मी, सौ., मुलगा, सूनबाई आणि बारा वर्षांचा नातू असे आम्ही पाच जण निघालो.

श्रीरामपूरहून बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने भंडारदऱ्यापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. लोणी-प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, संगमनेरची बाजारपेठ, अकोल्याची बागायत असे सारे मागे टाकत गेलो, की राजूरच्या पुढे जमीन लाल होते, रस्ता वळणे घेऊ लागतो आणि क्षितिजावर काळ्या कातळाच्या भिंती उभ्या राहतात. भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिले गेले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत, आणि तिच्यामागे अकरा टीएमसी पाण्याचा साठा. येथून सुटलेले पाणी रंधा धबधब्यावरून उडी घेते, निळवंड्याला थबकते, ओझरच्या बंधाऱ्याशी कालव्यांत विभागले जाते आणि आपल्याकडे पोहोचते. नातवाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे आपल्या शेतातलं पाणी इथून निघतं?” त्याचे डोळे एकदम मोठे झाले.

जलाशयाच्या कडेने रतनवाडीकडे जाताना अमृतेश्वराचे मंदिर लागते. सुमारे हजार वर्षांपूर्वीचे हे कोरीव शिल्पकाम तासभर निवांत पाहावे असे आहे. आमचा मुक्काम मात्र त्याच्याही पुढे, चढावरच्या एका छोट्या वाडीत होता. तेथील एका तरुणाने आपल्या खाचरात चार-पाच तंबू उभारले होते. माणशी बाराशे रुपये, त्यात दोन वेळचे जेवण आणि नाश्ता. व्यापारी घरात जन्मलो, बँकेत आयुष्य गेले; मी घासाघीस केली आणि माणशी हजारावर सौदा तुटला. हजार रुपये वाचले, याचा मला मनातून आनंद झाला हे लपवत नाही.

जेवणाबाबत आधीच फोनवर कळवले होते. त्याच्या आईने कांदा-लसूण न घालता पिठले, नाचणीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा सूर्यास्तापूर्वी ताटात वाढला. दिवस मावळण्याआधी जेवण आटोपण्याची आपली सवय डोंगरात फार सोयीची पडते, असा अनुभव आला. अंधार पडल्यावर ज्या वेळी इतर पर्यटक चुलीभोवती जमतात, त्या वेळी आपण काजवे पाहायला मोकळे असतो.

आणि काजव्यांसाठीच तर मे महिन्याचा शेवट निवडला होता. पहिल्या पावसाआधीच्या दोन-तीन आठवड्यांत या अभयारण्यातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे गोळा होतात. पावणेआठच्या सुमारास एका सादड्याखाली आम्ही उभे राहिलो. आधी एखाद-दुसरा ठिपका दिसला. मग फांदीमागून फांदी उजळत गेली आणि पाहता पाहता सबंध झाड एका लयीत पेटू-विझू लागले. सौ.ने माझा हात घट्ट धरला. पंधरा मिनिटे आमच्यापैकी कोणी एक शब्दही बोलले नाही.

तेवढ्यात मागून दोन गाड्या प्रखर दिवे लावून आल्या आणि झाड मालवल्यासारखे झाले. काजव्याचा प्रकाश ही नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असते; आपल्या दिव्यांनी ती साद हरवते आणि ज्या थोड्या दिवसांचे त्यांचे आयुष्य, त्यातली एक रात्र वाया जाते. गाडीतून उतरलेली मुले झाडाच्या दिशेने गवतात शिरू लागली, तेव्हा आमच्या तरुण यजमानाने त्यांना हात जोडून अडवले. “पायवाट सोडू नका, दादा. माद्या खाली गवतात असतात.” आपण घरात दिव्याभोवतीचे चिलट पायाखाली येऊ नये म्हणून जपतो, येथे हौसेच्या एका पावलाखाली पुढच्या वर्षीचे किती दिवे विझत असतील, हा विचार मनात आला आणि मी स्वतःही दोन पावले मागे आलो.

तंबूकडे परतल्यावर नातवाचे बूट चिखलाने माखले होते. अंगणातील पिंपातून त्याने बादलीभर पाणी घेतले आणि बूट, मोजे, पाय असे सगळे निवांत धुतले. मग आम्हीही हात-पाय, तोंड, भांडी यांसाठी सढळ हाताने पाणी वापरले. यजमानाची आई ओट्यावर बसून पाहत होती. ती काही बोलली नाही.

पहाटे पाचला रतनगडाकडे निघालो. उंची १२९७ मीटर. वाट दाट झाडीतून जाते आणि एकच कोरडा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. हीच प्रवरा, बाल्यावस्थेतली. पावसाळ्यात हाच ओढा वाट अडवतो. वाडीपासून पाऊण तास चाललो असू, तेव्हा कातळाच्या कुशीत एक झिरा दिसला. सात-आठ बायका ओळीने बसल्या होत्या. वाटीने पाणी उपसायचे, हंड्यात ओतायचे, झिरा पुन्हा भरेपर्यंत थांबायचे. ओळीत तिसऱ्या क्रमांकावर आमची यजमानीण होती. अंधारातच निघाली असावी.

नातू माझ्याकडे पाहत म्हणाला, “आजोबा, काल मी ह्याच पाण्यानं बूट धुतले?”

मला ‘हो’ म्हणावे लागले. त्याचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. “खाली एवढं मोठं धरण आहे, मग ह्या आजी वर का येतात?” मी त्याला समजावून सांगितले, की येथून जवळच्या घाटघरला अनेक वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या गावाच्या आठ-दहा पट, परंतु हा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, ते उतारावरून वाहून धरणात जाते. वाड्या उंचावर, धरण खाली. खालचे पाणी वर चढवायचे तर पंप हवा, वीज हवी, पैसा हवा. शिवाय धरण बांधले गेले ते खालच्या शेतीसाठी. “म्हणजे आपल्यासाठी,” तो म्हणाला. उत्तर बरोबर होते. मी पुढे काही बोललो नाही.

गणेश दरवाजाखालच्या लोखंडी शिड्या चढताना वयाची जाणीव झाली. मुलगा पुढे, सूनबाई मागे, अशा बंदोबस्तात मी वर पोहोचलो. सौ. रत्नादेवीच्या गुहेशी थांबली. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात बसलो, की वारा अंगातून गेल्यासारखा वाटतो. समोर अलंग, मदन, कुलंग. उजवीकडे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई. खाली अर्धा आटलेला जलाशय. त्या पाण्याकडे पाहताना मला राघोजी भांगरे आठवले. अकोले तालुक्यातील देवगावचे हे क्रांतिकारक इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले, तसेच सावकारीच्या जाचाविरुद्धही उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्यात त्यांना फाशी दिले गेले. या डोंगरातील माणसांच्या आठवणीत वह्या-खतावण्या घेऊन येणारा माणूस कसा उरला असेल, याचा विचार बँकेच्या जीपमधून वसुलीला येताना मी कधी केला नव्हता. कागदोपत्री माझे काम चोख होते. पण ज्यांच्या अंगणात बसून मी हप्ते मागितले, त्यांनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या कोठून भरून आणला होता, हे एकदाही विचारले नाही.

दुपारी खाली आल्यावर हिशेब करताना मी माणशी बाराशेप्रमाणे सहा हजार रुपये पुढे केले. तरुणाने पैसे मोजले, हजार रुपये वेगळे काढून माझ्या हातात परत ठेवले. “काका, बोली झाली ती झाली.” मी आग्रह केला, तो हसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “पुढच्या वेळी येताना गाडीत पाण्याचे दोन कॅन घेऊन या. आईची एक खेप वाचेल.” शब्दाला असा जागणारा माणूस आमच्या बाजारपेठेत असता, तर त्याला कोणीही विनातारण उधार दिले असते.

वाचकांपैकी कोणाला जायचे असल्यास काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. काजव्यांसाठी मेचा शेवट ते जूनचा मध्य, धबधब्यांसाठी ऑगस्ट, आणि चढाईसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कळसूबाईला बारी गावातून वाट आहे. अवघड टप्प्यांवर शिड्या बसवल्या आहेत, तरी वर जायला तीन-चार तास धरावेत. हरिश्चंद्रगडाला प्रथमच जाणाऱ्यांनी पाचनईची सोपी वाट धरावी. केदारेश्वराची गुहा आणि सायंकाळचा कोकणकडा चुकवू नये, मात्र कड्याच्या टोकाशी उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. पावसाळ्यात रतनगडाच्या शिड्या निसरड्या असतात. तेव्हा ज्येष्ठांनी अमृतेश्वरापर्यंतच जावे. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी. काजव्यांच्या झाडाजवळ गाडीचे दिवे, विजेरी आणि मोबाइल बंद ठेवावेत. कचरा परत आणावा. स्थानिक घरातच उतरावे, आणि भाव करताना तो कोणाशी करतो आहोत ते पाहावे.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. पावसाळा नुकताच सरला होता, झिरा भरून वाहत होता, पाण्याची टंचाई नव्हती. तरीही नातवाने श्रीरामपूरहून वीस-वीस लिटरचे चार कॅन भरून गाडीत ठेवले होते. आमच्या नळाला येणारे प्रवरेचेच पाणी. यजमानीणबाईंनी ते पाहिले आणि प्रथमच मोठ्याने हसल्या. “इथलंच पाणी फिरवून आणलं होय रं पोरा?” म्हणाल्या, आणि त्यातलेच पाणी चुलीवर चहाला ठेवले.