वीतभर संसार

जागेचा विषय निघाला की मुंबईकराला कुणी काही शिकवायला जाऊ नये. पलंगाखाली ट्रंका सरकवणं, भिंतीला फळ्या ठोकणं, पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर चढवणं, या सगळ्या विद्या त्याला उपजतच येतात. पण मौज अशी, की हाच माणूस बाजारात गेला म्हणजे त्याचा हात नेमका मोठ्या वस्तूकडे जातो. पातेलं मोठं, कपाट मोठं, डबाही मोठा! "असू द्या, पुढे लागेल," हे आपणा मध्यमवर्गीयांचं ब्रीदच आहे.

यंदा आमच्या घरी या ब्रीदाची परीक्षा घेतली ती कॉम्प्युटरनं. माझी मुलगी चित्रफितींच्या संकलनाचं काम करते. त्या कामाला दमदार यंत्र लागतं, आणि ते तिला सुटे भाग आणून स्वतःच्या हातानं जोडायचं होतं. आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदारानं पहिला प्रश्न टाकला तो किमतीचा नव्हे, मापाचा. "बोर्ड कोणत्या साइजचा देऊ?"

मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर कॉम्प्युटरचं सगळं कुटुंब बसतं ती पाटी. तिची तीन मापं बाजारात नेहमी दिसतात. तीन भावंडंच म्हणा ना! थोरला एटीएक्स. तो इंटेलनं १९९५ साली आणला. माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि जादा कार्डं खोचायला सातपर्यंत जागा. मधला मायक्रो-एटीएक्स १९९७ सालचा. २४४ मिलिमीटरचा चौरस आणि चारपर्यंत जागा. धाकटा मिनी-आयटीएक्स तैवानच्या व्हिया कंपनीनं २००१ साली आणला. अवघा १७० मिलिमीटरचा चौरस. त्याच्यावर वीत टाकली तर करंगळी बाहेर जाते! त्याच्यावर कार्डाला जागा एकच.

आता कुणालाही वाटेल, लहान बोर्ड म्हणजे लहान ताकद. तसं मुळीच नाही. जो प्रोसेसर थोरल्यावर बसतो तोच धाकट्यावरही बसतो. फरक आहे तो पाहुण्यांच्या सोयीचा. रॅमच्या पट्ट्या थोरल्यावर बहुधा चार बसतात, धाकट्यावर दोन. मी अर्थातच थोरल्याच्या बाजूचा. "घे मोठा," मी म्हटलं, "पुढे काही वाढवायचं झालं तर?"

"बाबा, वाढवायचं काय?" तिनं विचारलं. "तुमच्या वेळी आवाजाचं कार्ड वेगळं, मोडेमचं वेगळं, नेटवर्कचं वेगळं. आता हे सगळं बोर्डावरच येतं. मला ग्राफिक्स कार्ड एकच लावायचंय. बाकीचे स्लॉट रिकामेच राहणार."

मग मी उष्म्याचा मुद्दा काढला. आणि तो काही पोकळ नव्हता. लहान पेटीत हवा थोडी, पंखे लहान. आणि मोठा पंखा संथपणे जेवढी हवा खेळवतो तेवढीच खेळवायची तर लहान पंख्याला जोरात फिरावं लागतं, म्हणजे घरघर आलीच. शिवाय आमच्या गिरगावातली धूळ! ती पुसायला आत हात तर गेला पाहिजे? तिनं हे मान्य केलं. धाकट्या बोर्डाला जागा कमी असूनही पैसे बहुधा जास्त पडतात, आणि त्याच्या लहान पेटीला लागणारा लहान एसएमपीएसही महागच असतो, हेही तिनं आपण होऊन सांगितलं.

घरी आल्यावर या चर्चेत आमच्या सौभाग्यवतींनी भाग घेतला. कॅबिनेटचं आकारमान लिटरमध्ये मोजतात हे ऐकून त्यांना भारी गंमत वाटली. लहान कॅबिनेट दहा-पंधरा लिटरचं आणि मोठं चाळीस-पन्नासांचं, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे एक चकलीचा डबा आणि एक पाण्याचं पिंप!" याहून सुबोध वर्णन मला दुकानातही ऐकायला मिळालं नव्हतं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. दुकानात तिनं दांडी असलेलं एक लहान कॅबिनेट एका हातानं उचलून पाहिलं होतं. बाजारात आपण पिशवीचा भार अजमावतो ना, तसं. तेव्हाच मी काय ते ओळखलं. तिच्या क्षेत्रातली कामं आज मुंबईत आहेत, उद्या हैदराबादला असतील, परवा चेन्नईला. थोरला बोर्ड घेतला तर यंत्र आमच्या खिडकीपाशी कायमचं बसणार होतं. धाकटा घेतला तर ते एक दिवस आगगाडीत बसणार होतं. आमचा वाद मिलिमीटरांचा नव्हताच.

तो सुटला मात्र मिलिमीटरांनीच. धाकट्या बोर्डाला चार कोपऱ्यांत चार भोकं असतात, आणि ती थोरल्याच्याच भोकांपैकी चारांशी तंतोतंत जुळतात. मागच्या बाजूची, तारा खोचायची खिडकीही एकाच मापाची. त्यामुळे लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटात खुशाल बसतो; मोठा मात्र लहानात काही केल्या बसत नाही. आमच्या घरी २००९ साली घेतलेलं एक जुनं एटीएक्स कॅबिनेट होतं. धूळ पुसून ते पुढे आणलं. नवा बोर्ड चार स्क्रूंवर त्याच्यात अलगद बसला. एसएमपीएस लहान घेतला आणि एक जोडपट्टी लावून मोठ्याच्या जागी बसवला. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मात्र तिनं त्या दांडीवाल्या कॅबिनेटाच्या मापावर ताडून पाहिली. नव्या कॅबिनेटाचे पैसे तूर्त वाचले, ते बोर्डाच्या आणि एसएमपीएसच्या जादा किमतीत गेले. उन्हाळ्याला भरपूर हवा, साफसफाईला हात जाईल एवढी जागा, आणि निघायची वेळ आली की चार स्क्रू काढायचे!

पेटी निवडायची कशी, असं आता मला कुणी विचारलं, तर मी आधी बोर्डाचं माप सांगत नाही. मी विचारतो, यंत्र एका जागी राहणार आहे का? जादा कार्डं खरोखर लागणार आहेत का? दोन्हींचं उत्तर होय असेल, तर थोरला किंवा मधला घ्यावा. तेवढ्याच पैशांत तो अधिक देतो. पण घरातून कुणी उडायच्या बेतात असेल, तर राहायला जागा ऐसपैस द्यावी, आणि सामान मात्र प्रवासाच्या मापानं घ्यावं. आमच्या त्या मोठ्या कॅबिनेटात सध्या निम्म्याहून अधिक जागा मोकळी आहे. तिच्यात हवा छान खेळते.