भिंतीला कान असतात, पण…

भिंतीला कान असतात म्हणे! आमच्या ऑफिसच्या भिंती मात्र ठार बहिऱ्या आहेत. बुधवार पेठेतला जुना वाडा, पहिला मजला, एका ओळीत तीन खोल्या आणि मधल्या भिंती हातभर जाड. भाडं परवडतं आणि जिना उतरलं की चहा, म्हणून आम्ही चार फ्रीलान्सर्सनी मिळून ही जागा घेतली. नेटचं कनेक्शन पहिल्या खोलीत, माझं टेबल तिसऱ्या.

एका मुलाखतीचा व्हिडिओ कॉल ऐन रंगात आलेला असताना तीनदा कट झाला. चौथ्यांदा समोरच्यांनी उचललाच नाही. स्टोरी गेली, मानधन गेलं, संपादकांपुढे शोभा झाली ती वेगळीच. त्या संध्याकाळी आमच्यातला एक जण म्हणाला, ‘जागा सोडू या, बाणेरला जाऊ.’ तिथलं भाडं ऐकून मला घामच फुटला.

मग तडक तापकीर गल्ली गाठली. ‘काका, सगळ्यात पॉवरफुल राउटर द्या, सहा अँटेनावाला!’ काका जागचे हललेसुद्धा नाहीत. ‘मॅडम, आधी सांगा, भिंती कसल्या आहेत?’

लोच्या इथेच होता. राउटर कितीही जोरात ओरडला, तरी आपला मोबाइल त्याला उत्तर देतो ते हळू आवाजातच. म्हणून तर रेंज दिसते आणि कॉल अडकतो. त्यात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो. २.४चा थोडा पुढे जातो, पण पेठेत शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी त्याच्यावरच. थोडक्यात, एक पहिलवान आणण्यापेक्षा प्रत्येक खोलीत एक साधा माणूस बसवा!

रिपीटर स्वस्त होता, पण बहुतेक साधे रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा आम्ही मधल्या आणि तिसऱ्या खोलीत एकेक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट लावला. राउटरपासून केबल ओढली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि योग्य स्विच घेतला तर वीजही तिच्यातूनच जाते, वेगळा प्लग नको. तिन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच. २.४वर चॅनल मात्र वेगवेगळे, १, ६ आणि ११, कारण हे तिघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. पॉवर मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे लॅपटॉप लांबच्या खोलीला चिकटून बसत नाही.

पासवर्डचा कंटाळा करू नका. २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांचा ई-मेल नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घराच्या वाय-फायवरून गेला होता आणि पोलीस आधी पोचले ते तिथे राहणाऱ्याच्या दारात! म्हणून निदान डब्ल्यूपीए-२, जमलं तर डब्ल्यूपीए-३, आणि पाहुण्यांना वेगळं नेटवर्क.

परवा तिसऱ्या खोलीतून पाऊण तासाची मुलाखत घेतली. एकदाही ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ म्हणावं लागलं नाही. बाणेर कॅन्सल!

तेव्हा खोक्यावरचे आकडे नंतर वाचा. दुकानात जाण्याआधी ऑफिसची भिंत जरा वाजवून बघा.