गोठलेल्या उंदराची पारख

साप भक्ष्याचे तुकडे करत नाही आणि त्यातलं नको ते बाजूलाही काढत नाही. उंदीर तो नाकापासून शेपटीपर्यंत आख्खा गिळतो. केस, हाडं, यकृत, आतड्यात उरलेलं खाणं, सगळं. म्हणूनच उंदरांवर वाढणाऱ्या सापाला वरून कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वं सहसा द्यावी लागत नाहीत. पण तो उंदीर काय खाऊन वाढला, कसा मेला आणि मेल्यानंतर किती वेळा वितळला, हेही सापाच्या पोटात तसंच्या तसं जातं.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहणारी, मूळची सांगलीची एक सर्पपालक ही पारख मन लावून करते. तिच्याकडे एक बॉल पायथन आणि काही कॉर्न स्नेक आहेत. भारतात असती, तर धामण घरात ठेवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी असती, आणि ती बंदी तिला योग्यच वाटते. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात जन्मलेले साप पाळतात आणि त्यांना गोठवलेले उंदीर वितळवून घालतात. जिवंत उंदीर सोडणं जबाबदार पालक टाळतात. त्यात उंदराचे हाल आहेतच, पण भुकेला नसलेल्या सापाजवळ उंदीर राहिला तर तो सापालाच कुरतडतो. पाठीची कातडी मणक्यापर्यंत खाल्ली गेलेले साप पशुवैद्यांकडे आलेले आहेत.

मापांची नावं दुकानात ठरलेली असतात. केस न आलेलं, एक-दोन ग्रॅमचं पिल्लू म्हणजे पिंकी. लव फुटली की फझी. डोळे उघडून उड्या मारू लागलं की हॉपर. मग पूर्ण वाढलेला, वीस-तीस ग्रॅमचा उंदीर. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्याच जाडीचं भक्ष्य द्यावं. यात फार डोकं चालवावं लागत नाही.

डोकं लागतं ते पिशवी हातात घेतल्यावर. मासळी बाजारात पापलेटाचे कल्ले उचलून बघावेत, तशी ती पिशवी उलटीसुलटी करते. उंदीर सुटे खुळखुळत असतील तर ते एकेक करून, लवकर गोठवलेले असण्याची शक्यता जास्त. सगळ्यांचा एकच गोळा झाला असेल आणि तळाशी लालसर पाण्याचा बर्फ साचला असेल, तर पिशवी वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठली असावी. ती पिशवी ती जागेवर परत ठेवते. मग कान, शेपटी आणि पंजे. शरीराचे हे पातळ भाग आधी सुकतात, आणि तिथे पांढुरके किंवा तपकिरी, चामड्यासारखे डाग दिसले की माल जुना. पोटाखालचे केस पिवळे आणि चिकटलेले असतील तर तो प्राणी ओल्या, न बदललेल्या भुशात राहिला असणार. पोटावर हिरवट-निळसर झाक असेल तर मेल्यावर तो गार व्हायला उशीर झाला आणि आतडी आतूनच सडू लागली. असा उंदीर वितळताना पोटाशी फुटतो.

पिंकीच्या बाबतीत तिची एक आवडती खूण आहे. चांगल्या पिंकीची कातडी गुलाबी आणि इतकी पातळ असते की डाव्या कुशीला दुधानं भरलेलं पोट पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. पट्टा दिसला म्हणजे पिल्लू आईजवळ होतं, प्यायलेलं होतं. कोवळ्या पिंकीच्या हाडांत कॅल्शियम कमीच असतं, त्यामुळे त्या दुधाला मोल आहे. करड्या, सुरकुतलेल्या, रिकाम्या पोटाच्या पिंकी ती घेत नाही, कितीही स्वस्त असल्या तरी.

आता मरणाबद्दल, कारण तिच्या मते गुणवत्तेचा मोठा भाग तिथे ठरतो. चांगले उत्पादक बंद पेटीत कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडतात, म्हणजे तडफड न होता आधी शुद्ध हरपते. पण नवजात पिल्लं प्राणवायूशिवाय प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त वेळ तग धरतात. मोठ्या उंदराला पुरेल एवढा वेळ पिल्लांना पुरत नाही, आणि घाई करणाऱ्या माणसाच्या हातून ती जिवंतच फ्रीझरमध्ये जाऊ शकतात. हे फोटोत दिसत नाही, पिशवीवर लिहिलेलं नसतं. विचारावंच लागतं.

घरी आणल्यावरची काळजी सरळ आहे. उणे अठरा अंशांवर ठेवायचं, हवा काढलेल्या पिशवीत, तारीख लिहून. गोठवल्यानंही चरबी खवट होणं पूर्ण थांबत नाही आणि ई जीवनसत्त्व घटत जातं. म्हणून ती सहा महिन्यांपलीकडे साठा करत नाही. आदल्या रात्री उंदीर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात वितळतो, आणि देण्याआधी पिशवीसकट कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह कधीच नाही. कुठे थंड आणि कुठे शिजलेला उंदीर सापाला बाधतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे त्याला उंदराचं डोकं ऊबदार लागलं की तो झेपावतो. वितळल्यावर येणारा वास ही शेवटची परीक्षा. उंदराचा उग्र वास चालतो, आंबूस वास चालत नाही. तो आला की उंदीर कचऱ्यात, साप उपाशी राहिला तरी चालेल. धडधाकट मोठा साप आठवडाभर जास्त उपाशी सहज राहतो. ओकलेल्या सापाला सावरायला मात्र दोन-दोन आठवडे जेवण बंद ठेवावं लागतं.

चांगला दिसणारा उंदीरही निर्धोक नसतो, हे ती प्रत्येक नव्या पालकाला सांगते. गोठवल्यानं साल्मोनेला मरत नाही. २००८पासून ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक माणसं ज्या साल्मोनेलानं आजारी पडली, त्याचा माग अमेरिकेतून आलेल्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत लागला, आणि २०१०मध्ये तो माल परत मागवला गेला. २०१४मध्ये अमेरिकेतल्या किमान १८ राज्यांत अशाच उंदरांमुळे किमान ३७ जण आजारी पडले. आजारी पडणाऱ्यांत लहान मुलं बरीच असतात. म्हणून तिच्या घरी उंदरांचा चिमटा, डबा आणि फ्रीझर वेगळा आहे, स्वयंपाकाच्या ओट्यावर यातलं काहीही येत नाही, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय कोणी दाराच्या कडीलाही हात लावत नाही.

साप पाळणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: पुढची पिशवी घेण्याआधी विक्रेत्याला विचारा की उंदरांना काय खायला घालतात आणि पिल्लांना कसं मारतात. उत्तर मिळालं नाही, तर दुसरीकडून घ्या.