बकासुराचा उपवास

माझ्या मावसभावाने सापाचं नाव बकासुर ठेवलं, तेव्हा हा गाडाभर जेवेल अशी त्याची कल्पना असावी. प्रत्यक्षात डिसेंबरपासून मार्चपर्यंत बकासुराने एक घाससुद्धा घेतला नाही. कल्याणला खडकपाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रोज रात्री एकच विषय : "आज खाल्लं का त्याने?"

आधी एक खुलासा, नाहीतर हॉस्टेलमधले सर्पमित्र माझी तक्रार करायचे. बकासुर आपल्याकडचा साप नाही. तो बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला एक छोटा अजगर. बिनविषारी, साधारण चार-पाच फूट वाढणारा, आणि घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसणारा. आपले नाग, धामण, अजगर पकडून घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ("खाडीवरून एखादा पकडून आणू का?" असं मला विचारणाऱ्या थर्ड इयरच्या महाशयांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) परदेशी जातींनाही २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कक्षेत आणलं, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. दादाने ती केली आहे.

आता घरात कोणी जेवत नाही म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. आजीने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "वाटीभर दूध ठेवा त्याच्यापुढे. नागोबा पितो की!" मी तिला सांगितलं, की नागपंचमीचा नाग दूध पितो कारण गारुड्याने त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. इतका तहानलेला प्राणी मिळेल ते ओलं पितो. दूध त्याला पचत नाही, ते त्याचं अन्नच नाही. आजी "बरं" म्हणाली. पटलेलं नव्हतं, तोंडावरून कळत होतं.

दादाची तऱ्हा वेगळी. दर दोन दिवसांनी चिमट्यात उंदीर धरून त्याच्या नाकासमोर नाचवायचा. त्याने तोंड फिरवलं की बाहेर काढून कुरवाळायचं, "काय झालं रे बाळा?" पुन्हा दोन दिवसांनी तेच. मार्च उजाडेपर्यंत वजन ९४० ग्रॅमवरून ८८० वर आलं. नळीने भरवायचं जवळजवळ ठरलं होतं. मावशीने तर सांगून टाकलं, "माझ्या घरात उपाशी मेला तर मला सहन व्हायचं नाही. कोणाला तरी देऊन टाक." दादाच्या डोळ्यात पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बारावीच्या रिझल्टलासुद्धा आलं नव्हतं!

सापांना तपासणारे डॉक्टर गल्लोगल्ली नसतात. ठाण्याला एक मिळाले. त्यांनी तोंड उघडून पाहिलं, फोड नाहीत. श्वासाला घरघर नाही, अंगावर माइट्स नाहीत. वजन उतरलंय, पण घाबरण्याइतकं नाही, ही जात थंडीत महिनोन्‌महिने उपास करू शकते. मग त्यांनी विचारलं, "उबेच्या बाजूला तापमान किती असतं?"

"तीस," दादा म्हणाला.

"थर्मामीटर कुठे लावलाय?"

"वर, काचेला."

"साप काचेवर झोपतो का?"

आम्ही इंजिनिअरिंगवाले अख्खी सेमिस्टर मेजरमेंट शिकतो, त्याचं सार या एका प्रश्नात आहे असं मला अजूनही वाटतं. घरी येऊन जमिनीवर प्रोब ठेवला. उबेच्या बाजूला २६, पहाटे २२. सापाच्या अंगात स्वतःची भट्टी नसते, ऊब बाहेरून घ्यावी लागते. ती नसेल तर गिळलेलं पचत नाही, पोटातच सडतं. म्हणजे बकासुर हट्टीपणा करत नव्हता. नीटच वागत होता.

दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. टाकीत लपायला जागा एकच, तीसुद्धा थंड टोकाला. त्याला रोज निवड करावी लागत होती, ऊब हवी की लपणं हवं. तो लपत होता. गिळलेला उंदीर पोटात घेऊन साप काही दिवस जड आणि सुस्त असतो, त्याला पळता येत नाही. जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे तो जेवणार कशाला? त्यात टाकी हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, आणि येणारा प्रत्येक पाहुणा काचेवर टकटक करणार.

मग कामाला लागलो. टाकी आतल्या खोलीत गेली. तीन बाजूंना काळा कागद. 'हाइड'ला मराठीत काय म्हणायचं यावर वाद होऊन शेवटी 'बीळ' ठरलं, आणि दोन सारखी बिळं दोन टोकांना ठेवली. जाळीच्या झाकणातून दमटपणा उडून जायचा, म्हणून ते बरंचसं झाकलं आणि पाण्याचं भांडं मोठं केलं. थर्मोस्टॅट माझ्याकडे होता : एक सेन्सर, एक रिले, शे-दोनशे रुपयांचा खेळ. हीटिंग मॅट टाकीखाली एक तृतीयांश भागात. सेन्सर साप बसतो तिथेच. ३१ ला चालू, ३२ ला बंद. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवायची, हे मावशीने सुचवलं.

आणि सगळ्यात अवघड उपाय : काहीही न करणं. दहा दिवस उंदीर दाखवायचा नाही, हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. दादा खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

अकराव्या रात्री उंदीर काढला. जिवंत नाही हं, जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो. फ्रोझनच (त्यासाठी वेगळा छोटा फ्रिज आहे, श्रीखंडाशेजारी ठेवायला मावशी कधीच तयार नव्हती). आधी पूर्ण वितळवला, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवला, कारण या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. थंड उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नाही. दिवे बंद. उबेच्या बिळासमोर लांब चिमट्याने धरला. हलवला नाही.

आठ मिनिटं काही नाही. मग जीभ. मग नाक थोडं बाहेर. आणि एकदम फट्! दादाने चिमटा सोडला, बकासुराने दोन वेटोळे घातले, आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही तिघं अंधारात श्वास रोखून उभे. तिसरी आजी. कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही.

नंतर आठवडाभर कोणी त्याला हात लावला नाही. मग दर दहा-बारा दिवसांनी एक उंदीर, वहीत तारीख आणि वजन. सध्या ९७०.

मध्यंतरी त्याने पुन्हा एकदा तोंड फिरवलं. डोळे निळसर, दुधाळ झाले होते, म्हणजे कात टाकायची वेळ. दादाने उंदीर टाकून दिला, दिवा मालवला आणि वहीत लिहिलं : कात. खाल्लं नाही.