गोधडीला ऊन

निफाड, २ डिसेंबर.

आज गोधड्या गच्चीवर टाकल्या. आजीच्या इरकली लुगड्याचा हिरवा तुकडा एकीच्या मधोमध अजून तसाच आहे, कडेचे टाके मात्र उसवलेत. दोरा ओवून बसले, ते ऊन उतरेपर्यंत.

निफाडची थंडी लेचीपेची नाही. २०१८च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्या खाली गेला होता. अशा पहाटे द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून बागेत शेकोटीसाठी लाकडं रचून ठेवली, ठिबकही तपासलं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ते पहाटे सोडायचं.

खरी धास्ती गाडीची. मागच्या जानेवारीत रात्री सासूबाईंना धाप लागली आणि पिकअप चालूच होईना. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी पडतो, त्यात इंजिनातलं ऑइल घट्ट होतं. ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. आज टर्मिनलवरची पांढरी बुरशी कोमट पाण्याने धुतली, कोरडं करून व्हॅसलिन लावलं. चाकांत हवा भरून आणली. सासूबाईंचा श्वासाचा पंप आणि टॉर्च उशाशी ठेवलेत.

गाडीची किल्ली आता दाराजवळच्या खिळ्याला.