जंजिऱ्याचा शरभ

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघाली की जंजिरा समोरच दिसतो, पण त्याचा दरवाजा दिसत नाही. होडी तटाजवळ आली की मगच दोन बुरुजांमधली वाट उघडते. पायऱ्यांवर शेवाळ, खडकांना चिकटलेली कालवं. लाटेनं होडी उचलली की त्याच क्षणी पाय टाकायचा. अम्मींना दोघांनी धरून उतरवलं आणि बिस्मिल्लाह म्हणत आम्ही आत शिरलो.

‘जझीरा’ म्हणजे अरबीत बेट. त्यावरूनच जंजिरा. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं हे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं.

आम्हाला फोटो हवा होता तो दरवाजाजवळच्या शिल्पाचा. वाघासारखा प्राणी, पंजांखाली दाबलेले हत्ती. जाणकार याला शरभ म्हणतात. वाटाड्या सगळ्यांना सांगू लागला, “हा वाघ म्हणजे सिद्दी आणि हत्ती म्हणजे त्यानं हरवलेले दुश्मन.”

आमची धाकटी यंदा चौथीत, शिवरायांचा इतिहास शिकतेय. ती मोठ्यानं म्हणाली, “अब्बू, मग आपण कोण? वाघ की हत्ती?”

होडीतले सगळेच आमच्याकडे पाहू लागले. रोज वर्गात प्रश्नांची उत्तरं देणारे आम्ही, पण तेव्हा काही सुचलं नाही.

कॅमेरा काढला. पहिला फोटो सपाट आला. उजेड समोरून पडला की कोरीवकामाला सावली राहत नाही. मग आत फेरी मारली. गोड्या पाण्याचा तलाव, कलालबांगडी तोफ, मशीद पाहून परतलो, तेव्हा ऊन वर चढून भिंतीवरून तिरपं उतरत होतं. शरभाचा पंजा, हत्तीची सोंड, खाऱ्या वाऱ्यानं झिजलेल्या कडा, सगळं उठून दिसलं. होडीवाला हाका मारत होता. तीनच फोटो मिळाले.

घरी आल्यावर जुने फोटो काढले. शाळेच्या सहलीत शिवनेरीवर गेलो होतो, तिथल्या दरवाजावरही शरभ आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून धाकटीला बोलावलं. समजावलं, की राज्य कुणाचंही असो, दख्खनच्या अनेक दरवाजांवर ताकदीची हीच खूण कोरलेली आहे.

तिनं बराच वेळ निरखून पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे हा दोघांचाही आहे.”

जे उत्तर आम्हाला होडीपाशी सुचलं नाही, ते तिनंच दिलं. दोन्ही फोटो आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहेत, एकाच चौकटीत.